प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या प्राण्यामुळे इजा झाल्यास : जबाबदारी कोणाची आणि भरपाई कशी मागावी

मार्च २०२४ मध्ये पुण्यातील कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. शोधमोहिमेनंतर तो संग्रहालयाच्या आवारातच पकडला गेला आणि सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. तोच बिबट्या सीमाभिंतीपलीकडे जाऊन एखाद्यावर झडप घालता, तर त्या व्यक्तीने किंवा तिच्या कुटुंबीयांनी कोणाकडे, कशाच्या आधारे आणि किती दिवसांत दाद मागायची, याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते. कायद्याचा मूळ सिद्धान्त जखमी माणसाच्या बाजूचा आहे. प्रकरणे अडचणीत येतात ती दोन कारणांनी : प्राणी त्याच संग्रहालयाचा होता हे वेळीच नोंदवून ठेवलेले नसते, आणि नोटिशीची व दाव्याची मुदत हातची निघून जाते. म्हणून पुढील माहितीत या दोन बाबींना जास्त जागा दिली आहे.

पहिल्या चोवीस तासांत

सर्वांत आधी उपचार. कोणत्याही सस्तन प्राण्याचा चावा किंवा ओरखडा असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस व आवश्यकतेनुसार इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) याबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. प्राणी संग्रहालयातला आहे म्हणजे त्याला रोग नसणारच, असे गृहीत धरू नये. रुग्णालयात दाखल होताना इजा कोणत्या प्राण्यामुळे, कोठे आणि किती वाजता झाली हे स्पष्ट सांगावे आणि प्रकरणाची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणजे एमएलसी, म्हणून करून घ्यावी. केसपेपरवर नुसते ‘प्राण्याचा चावा’ असे लिहिलेले असेल, तर सहा महिन्यांनी त्या दोन शब्दांवर बराच वाद होऊ शकतो.

त्यानंतर पोलीस ठाणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ आणि मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू होऊ शकते. कोणाला तुरुंगात पाठवावे ही आपली इच्छा नसली, तरी प्रथम खबर नोंदवणे आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पंचनामा होय. तुटलेली जाळी, उघडी राहिलेली कडी, खंदकातील पाण्याची पातळी, पिंजऱ्याशेजारी वाढलेले झाड या गोष्टी दोन दिवसांत दुरुस्त होतात, आणि त्या दुरुस्तीपूर्वी होत्या कशा हे सांगणारा सर्वांत विश्वसनीय कागद पंचनामाच असतो. फौजदारी खटल्याचा निकाल काय लागतो यावर भरपाईचा दावा अवलंबून नसतो.

येथे एक भीती दूर केली पाहिजे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्यप्राण्याला जखमी करावे लागले किंवा मारावे लागले, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार तो गुन्हा ठरत नाही, मात्र ती व्यक्ती त्या वेळी त्याच कायद्याचा भंग करीत नसावी. हल्ल्यात काठी चालवली म्हणून तक्रार देण्यास कचरू नये.

त्याच दिवशी संग्रहालयाच्या प्रमुखांना एक लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. घटनेच्या आधीच्या व नंतरच्या काळातील सर्व सीसीटीव्ही चित्रण, चाव्यांची नोंदवही, प्राणिपालाचा दैनंदिन अहवाल आणि पिंजऱ्याच्या दुरुस्तीचे कागद जतन करून ठेवावेत, एवढीच मागणी त्यात असावी. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते. पत्र दिल्यानंतरही ते पुसले गेले, तर न्यायालय त्यावरून संग्रहालयाच्या विरुद्ध अनुमान काढू शकते. पत्रच दिलेले नसेल, तर ‘आमची यंत्रणा नेहमीप्रमाणे चालली’ हे उत्तर खोडून काढणे कठीण जाते.

प्राणी कोणाचा, आणि संग्रहालय कोणाचे

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींची उत्तरे कागदावर हवीत.

पहिला प्रश्न बाहेरून वाटतो तितका सोपा नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सफारीतील वाघ-सिंह बंदिस्त आहेत आणि त्याच जंगलात बिबटे मोकळे फिरतात. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाभोवतीही जंगल आहे. २०१३ मध्ये ओडिशातील नंदनकानन येथे तर उलटाच प्रकार झाला : रानातला एक वाघ आपणहून संग्रहालयात आला, त्याला तेथे बंदिस्त करण्यात आले आणि सुमारे महिन्याभराने तो पुन्हा निघून गेला. अशा ठिकाणी हल्ला झाला, की संग्रहालय म्हणते प्राणी रानातला होता, आणि वन खाते म्हणते तो संग्रहालयाचा होता. मोकळ्या रानातील प्राण्यांच्या हल्ल्यासाठी राज्य शासनाची ठरावीक आर्थिक साहाय्याची योजना आहे. बंदिस्त प्राण्याच्या बाबतीत मात्र तो ज्याच्या ताब्यात होता त्याच्याकडून पूर्ण भरपाई मागता येते, आणि ती रक्कम पुष्कळ वेगळी असू शकते. म्हणून प्राणी पकडला गेल्यावर त्याच्या मायक्रोचिपची नोंद, अंगावरील पट्ट्यांची किंवा ठिपक्यांची छायाचित्रे आणि संग्रहालयाची प्राणीगणना यांच्या प्रती मागाव्यात. त्या दिवशीच्या यादीत एक प्राणी कमी होता, एवढे सिद्ध झाले तरी ओळखीचा बहुतेक वाद मिटतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान बृहन्मुंबई महानगरपालिकेचे, कात्रजचे पुणे महानगरपालिकेचे, छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान तेथील महानगरपालिकेचे. नागपुरातील महाराजबाग डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे, तर गोरेवाड्याचे काम वन विकास महामंडळामार्फत चालते. गोव्यातील बोंडला तेथील वन खात्याच्या अखत्यारीत आहे. ‘संग्रहालया’वर दावा लावून चालत नाही. ज्या संस्थेच्या नावाने ते चालते तिलाच प्रतिवादी करावे लागते, आणि नोटिशीचे नियम त्या संस्थेप्रमाणे बदलतात.

निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो का?

बहुतेक हिंस्र प्राण्यांच्या बाबतीत नाही, आणि हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. प्राण्यांमुळे होणाऱ्या इजेबाबत आपल्याकडे स्वतंत्र दिवाणी कायदा नाही. भारतातील न्यायालये इंग्लंडच्या परंपरागत कायद्यातून आलेली तत्त्वे न्याय व सद्विवेकाच्या कसोटीवर लावतात. १८४६ मधील मे विरुद्ध बर्डेट या खटल्यात एका स्त्रीला पाळलेल्या माकडाने चावा घेतला होता. धोकादायक प्राणी ठेवणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली, तरी त्या प्राण्याने केलेल्या इजेची जबाबदारी त्याच्यावरच येते, असे त्यात ठरले. प्राणी जातीनेच हिंस्र असेल, तर हा विशिष्ट वाघ शांत स्वभावाचा होता किंवा त्याने पूर्वी कोणावर हल्ला केला नव्हता, हा बचाव टिकत नाही. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, मगर यांच्या बाबतीत वादाला फारशी जागा नाही.

जात माणसाळलेली मानली गेली, तर चित्र बदलते. १९४० मधील मॅक्वेकर विरुद्ध गोडार्ड या खटल्यात चेसिंग्टन येथील संग्रहालयात एका पाहुण्याला उंटाने चावा घेतला होता. उंट हा पाळीव जातीचा प्राणी आहे असे न्यायालयाने मानले आणि पाहुण्याला भरपाई नाकारली. घोडा, उंट, गाढव, कुत्रा यांच्या बाबतीत त्या विशिष्ट प्राण्याची खोड मालकाला आधीपासून माहीत होती हे दाखवावे लागते, अन्यथा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. हत्तीचा प्रश्न आपल्या देशात अवघड आहे. इंग्लंडमध्ये १८९० पासून तो धोकादायक वर्गात धरला जातो, परंतु भारतात पिढ्यान्‌पिढ्या माहुतांच्या हाताखाली तो वावरत आल्यामुळे समोरचा पक्ष त्याला माणसाळलेला म्हणू शकतो. हत्तीचे प्रकरण असेल, तर सुरुवातीपासूनच निष्काळजीपणाचे पुरावेही गोळा करावेत.

इजा चाव्यानेच झाली पाहिजे असेही नाही. १९५७ मधील बेरेन्स विरुद्ध बर्ट्राम मिल्स सर्कस या खटल्यात एका लहान कुत्र्याला बिचकलेली हत्तीण त्याच्यामागे धावली, आणि तिच्या धक्क्याने कोसळलेल्या लाकडी सामानाखाली दोन माणसे सापडली. हत्तिणीचा त्यांच्यावर रोख नव्हता आणि ती अत्यंत शिकवलेली होती. तरीही सर्कशीवर जबाबदारी आली. बिबट्या मागे लागला म्हणून पळताना पाय मोडला, जिन्यात चेंगराचेंगरी झाली, दुचाकी घसरली, अशा प्रसंगी या निकालाचा आधार घेता येतो.

निष्काळजीपणा सिद्ध न करताही येणाऱ्या जबाबदारीचे, म्हणजे कठोर जबाबदारीचे, तत्त्व हाताशी असले, तरी दाव्यात निष्काळजीपणाही पर्यायी मुद्दा म्हणून अवश्य मांडावा. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व लावले : जी वस्तू पूर्णपणे महापालिकेच्या ताब्यात आहे आणि नीट सांभाळली तर पडत नाही, ती पडली असता खुलासा महापालिकेनेच केला पाहिजे. कुलूपबंद पिंजऱ्यातील वाघ रस्त्यावर आला, तर हेच म्हणता येते. प्रत्यक्ष मोजमापही फार उपयोगी पडते. २५ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को संग्रहालयातील वाघीण खंदक ओलांडून बाहेर आली आणि तिने एकाचा जीव घेतला व दोघांना जखमी केले. नंतर मोजले असता खंदकाची भिंत सुमारे साडेबारा फूट भरली. तेथील संग्रहालय संघटनेने शिफारस केलेली उंची मात्र सोळा फुटांहून अधिक होती. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता घेतल्याशिवाय संग्रहालय चालवता येत नाही. त्या मान्यतेच्या अटी, प्राधिकरणाच्या तपासणीचे अहवाल आणि त्यांत दाखवलेल्या त्रुटी माहितीच्या अधिकारात मागाव्यात. तीच त्रुटी पूर्वीच्या अहवालात नोंदलेली आढळली, तर अर्धे काम तेथेच होते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा.

समोरून येणारे बचाव

पहिला बचाव जखमीच्या स्वतःच्या कृत्याचा असतो. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३८-जे नुसार संग्रहालयातील प्राण्याला छेडणे, इजा करणे किंवा खाऊ घालणे यांस मनाई आहे. जखमीने दगड मारले होते किंवा कठडा ओलांडला होता असे सिद्ध झाले, तर भरपाई कमी होते किंवा नाकारलीही जाते. २०१४ मध्ये दिल्लीत पांढऱ्या वाघाच्या खंदकात माणूस पडून मृत्युमुखी पडला, त्या प्रकारच्या घटना म्हणूनच निसटलेल्या प्राण्याच्या प्रकरणापेक्षा वेगळ्या मोजाव्या लागतात. प्राणी बाहेर येऊन ज्याच्यावर धावला, त्या वाटसरूला हा बचाव लागू होत नाही. घोळक्यातील दुसऱ्याने छेड काढली असेल, तर तेवढ्याने जखमीचा हक्क जात नाही.

दुसरा बचाव दैवी आपत्तीचा. जून २०१५ मध्ये जॉर्जियातील तिबिलिसी येथे पुराच्या पाण्याने संग्रहालय उद्ध्वस्त केले, अनेक हिंस्र प्राणी शहरात शिरले आणि काही दिवसांनी एका वाघाने एका माणसाचा बळी घेतला. असे काही आपल्याकडे झाल्यास पहिला प्रश्न हा विचारावा, की पूर अनपेक्षित होता की नाल्याकाठच्या पिंजऱ्यात पाणी शिरणे ही दरवर्षीची गोष्ट होती. महाराष्ट्रातला मुसळधार पाऊस ही अकल्पित घटना म्हणता येत नाही. शिवाय पूर ओसरल्यावर नागरिकांना सावध करण्यात किती वेळ गेला, ही कसूर स्वतंत्रपणे मांडता येते.

तिसरा बचाव शासकीय संस्थांचा ठरलेला असतो : आम्ही सार्वभौम कार्य, म्हणजे केवळ राज्यसत्तेलाच करता येणारे काम, करीत होतो. तिकीट लावून प्राणी दाखवणे हे सार्वभौम कार्य म्हणणे कठीण आहे, आणि १९९४ मधील नागेंद्र राव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या निकालानंतर हा बचाव बराच दुबळा झाला आहे. महापालिकेचे वकील बहुधा राजकोट महानगरपालिकेचा १९९७ चा निकालही दाखवतील, ज्यात रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबद्दल महापालिकेला जबाबदार धरले गेले नाही. झाड आपोआप वाढते आणि वाघ मुद्दाम आणून ठेवला जातो, हा फरक कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी म्हणण्याला, उत्तर देताना ठळकपणे मांडावा. ओलियम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये सांगितलेली निरपवाद, म्हणजे कोणताही बचाव न चालणारी, जबाबदारी संग्रहालयाला लावावी असा युक्तिवाद करता येतो. मात्र ती धोकादायक उद्योगांच्या संदर्भात सांगितलेली असल्यामुळे सारा दावा तिच्यावर उभा करू नये.

तिकिटामागील ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश’ या ओळीने घाबरून जाण्याचे कारण नाही. प्राणी पिंजऱ्याबाहेर येईल या धोक्याला तिकीट काढणाऱ्याने संमती दिली, असे त्यावरून ठरत नाही.

मुदती : येथेच बहुतेक चूक होते

दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, हे ऐकीव वाक्य येथे धोक्याचे आहे. मुंबईसाठी १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ५२७ आणि इतर महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचे कलम ४८७ सांगते, की त्या अधिनियमाखालील कामाबाबत महापालिकेवर दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत लावावा. संग्रहालयाच्या प्रसंगाला हे कलम लागू होत नाही असा युक्तिवाद होऊ शकतो, परंतु तो करण्याची वेळच आपल्यावर येऊ देऊ नये. इजा १० जानेवारीला झाली असेल, तर नोटीस १० फेब्रुवारीच्या आत द्यावी, मार्चच्या मध्यापासून दाव्याची तयारी ठेवावी आणि १० जुलै ही शेवटची तारीख समजावी.

राज्य शासन किंवा वन खाते प्रतिवादी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. कायद्याखाली केलेल्या कृत्याबद्दलच्या भरपाईला मुदत अधिनियमाचा अनुच्छेद ७२ लावला गेला, तर मुदत एकच वर्ष असते. मृत्यूच्या प्रकरणात प्राणांतिक अपघात अधिनियम, १८५५ खाली पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दावा करता येतो व त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. भावंडे या यादीत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळते. जखमी व्यक्ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल, तर मुदतीत सवलत मिळते, पण पालकाने वादमित्र, म्हणजे मुलाच्या वतीने दावा चालवणारा, म्हणून लगेच दावा लावणे केव्हाही श्रेयस्कर, कारण साक्षीदार मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत थांबून राहत नाहीत.

नोटिशीत दाव्याचे कारण, मागितलेली दाद, वादीचे नाव व पत्ता हे सर्व असावे. रक्कम अजून ठरली नसेल, तर आजवरचा खर्च लिहून पुढील उपचारांचा हक्क राखून ठेवावा.

दाद कोठे मागावी

मुख्य मार्ग दिवाणी न्यायालयातील नुकसानभरपाईचा दावा हाच आहे. तिकीट काढून आत गेलेल्या व्यक्तीला सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेही जाता येते. तेथे मुदत दोन वर्षे असून, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि संग्रहालयात मोबदला म्हणजे तिकिटाचे पैसे. म्हणून तिकीट किंवा ऑनलाइन पावती जपून ठेवावी. भिंतीबाहेर जखमी झालेली व्यक्ती ग्राहक नसते, तिला हा मार्ग खुला नाही.

घटनेची तथ्ये निर्विवाद असतील, म्हणजे प्राणी संग्रहालयाचाच होता हे संस्थेनेच मान्य केले असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून जीविताच्या हक्काच्या भंगाबद्दल भरपाई मागता येते. १९८३ चे रुदुल साह आणि १९९३ चे नीलाबती बेहेरा हे निकाल त्याचा आधार आहेत. तथ्यांवर वाद असेल, तर उच्च न्यायालय बहुधा दिवाणी दाव्याकडे पाठवते, आणि तोवर सहा महिने संपलेले असू शकतात.

खर्चाची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जखमी व्यक्ती संग्रहालयाचा कर्मचारी असेल, तर तिचा मार्ग वेगळा आहे. १९२३ च्या कायद्याने सुरू झालेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेली कर्मचारी भरपाई दोष सिद्ध न करता मिळते, आणि ठेकेदाराकडील सफाई कामगारालाही मूळ संस्थेकडून ती मागता येते.

रक्कम कशी काढावी

वाहन अपघातांत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली गुणक पद्धती (वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणणे) अशा दाव्यांतही मार्गदर्शक म्हणून वापरता येते. समजा, ३८ वर्षांची, स्वतःचा व्यवसाय असलेली आणि महिना २०,००० रुपये कमावणारी व्यक्ती मृत्युमुखी पडली व मागे तीन अवलंबित आहेत. प्रणय सेठी निकालानुसार भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवले, की महिना २८,००० म्हणजे वर्षाला ३,३६,००० रुपये होतात. त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा जाता २,२४,००० उरतात. सरला वर्मा निकालातील या वयाचा गुणक १५ आहे, म्हणजे ३३,६०,००० रुपये, आणि त्यावर अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंसाठी ठरावीक रकमा. उत्पन्नाचा कागद नसेल, तर बँकेचे खातेपुस्तक, मालाच्या पावत्या, ग्राहकांची शपथपत्रे यांवरून ते दाखवता येते.

अपंगत्वाच्या प्रकरणात प्रमाणपत्रावरील टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन गोष्टी एक नाहीत. डाव्या हाताची दोन बोटे गेली, तर कारकुनाचे काम चालू राहील, तबलजीचे राहणार नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हाच विचार सविस्तर मांडला आहे, म्हणून आपल्या कामाचे स्वरूप वैद्यकीय साक्षीत आले पाहिजे. चेहऱ्यावरील व्रण, पुढील शस्त्रक्रिया, मनावरील आघाताचे उपचार, सांभाळणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी या बाबी स्वतंत्रपणे मागाव्यात, कारण जे मागितलेले नसते ते बहुधा मिळत नाही.

घटनेनंतर काही दिवसांतच एखादा अधिकारी सानुग्रह मदतीचा धनादेश घेऊन घरी येऊ शकतो. तो नाकारण्याची गरज नाही, त्या पैशांची घराला निकड असते. सही करण्यापूर्वी मात्र पावतीवरील मजकूर पूर्ण वाचावा, ‘पूर्ण व अंतिम’ किंवा ‘यापुढे कोणताही हक्क राहणार नाही’ असे शब्द असतील तर ते खोडण्यास सांगावे, आणि सहीच्या वर स्वतःच्या हस्ताक्षरात ‘भरपाईचा हक्क राखून, केवळ तातडीची मदत म्हणून रक्कम मिळाली’ असे लिहून त्या कागदाचे छायाचित्र तेथेच काढून घ्यावे.